२१५७ नंबर मी दिला

जबाब
दि. ७ डिसेंबर २०२५, रविवार. दुपारी १४.२० वा.
अकस्मात मृत्यूच्या चौकशीकामी

मी, उज्वला सोमनाथ थेटे, वय ४३ वर्षे, व्यवसाय बुटांच्या कंपनीच्या स्टॉलवर विक्री, राहणार द्वारका, नाशिक. समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती सोमनाथ व मुलगी यांच्यासह राहते. पती ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंगचे काम पाहतात. 'व्हॅल्टो' या धावण्याचे बूट बनवणाऱ्या कंपनीसाठी मी सहा वर्षांपासून काम करते. जिथे मॅरेथॉन, सायकल शर्यत, ट्रेकिंग असे मैदानी कार्यक्रम भरतात तिथे कंपनीचा स्टॉल लावायचा, दोन दिवस बूट विकायचे आणि उरलेला माल पुण्याला परत पाठवायचा, असे माझे काम आहे.

जबाब लिहून घेणाऱ्या महिला हवालदार अंजली भोये यांना मी सुरुवातीलाच म्हटले की, मॅडम, माझे शब्द बदलू नका. आज सकाळपासून सगळ्या कागदांवर भलतंच लिहिलं गेलंय. मी बोलते तसं लिहा, चुकलं तर माझं चुकेल. त्याप्रमाणे त्या लिहीत आहेत.

काल शनिवार व आज रविवार असे दोन दिवस त्र्यंबक रोडच्या पुढे एका खासगी मैदानावर 'रानवाट क्रीडा महोत्सव' होता. काल सायकली आणि दोर लावून चढायच्या स्पर्धा झाल्या. आज सकाळी साडेसहाला २१ किलोमीटर धावण्याची शर्यत होती, सोबत दहा किलोमीटरचीही. आमचा स्टॉल मैदानाच्या गेटला लागून पहिलाच. तिथून डाव्या हाताला दोनशे पावलांवर औषधोपचाराचा तंबू आहे. हे अंतर मी आज दुपारी स्वतः चालून मोजले आहे.

स्टॉलवर एक पद्धत आहे, ती सांगते, कारण सगळे त्याच्यावरच आले आहे. धावणाऱ्याला छातीवर लावायला नंबराचा कागद मिळतो, त्याला बिब म्हणतात. बिब ज्याच्या नावाने आहे त्यानेच धावायचे, असा नियम. पण ऐन वेळी कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या घरी पाहुणे येतात. मग ते लोक बिब आमच्या स्टॉलवर आणून ठेवतात आणि म्हणतात, ताई, कुणाला हवा असला तर द्या, वाया नको जायला. आम्ही तो बुटाच्या रिकाम्या खोक्यात टाकून ठेवतो आणि मागेल त्याला देतो. माझ्याच नाही, सगळ्या स्टॉलवर असे खोके असते. नियमाच्या बाहेर आहे हे आम्हाला माहीत असते. सहा वर्षांत मी असे तीस-चाळीस बिब दिले असतील. कधी काही झाले नाही, म्हणून कधी काही वाटले नाही.

काल संध्याकाळी पाचच्या सुमारास गुडघ्याला पट्टा बांधलेले एक उंच गृहस्थ आले आणि एक बिब ठेवून गेले. मी त्यांचे नाव विचारले नाही. गिऱ्हाईक समोर होते. ते गृहस्थ म्हणजे श्री. जयराम पुंडलिक काठे. त्यांचे नाव मला आज कळले. बिबचा नंबर २१५७.

नवनाथ सावळीराम रायते, वय ३५, हा माझा सख्खा धाकटा भाऊ. वडील वारले आहेत. आई धोंडाबाई आणि नवनाथ निफाड तालुक्यात आमच्या गावी राहतात. त्याचे लग्न झालेले नाही. लासलगावच्या कांदा मार्केटात तो मापाडी आहे, म्हणजे वजन करायचे काम. काल लिलाव उरकून तो संध्याकाळच्या गाडीने माझ्याकडे आला. मीच बोलावले होते. म्हटले, तीनशे खोकी आहेत, माझी कंबर गेलीय, रविवारचा दिवस हात लाव. आला बिचारा. येताना आईने दिलेली मेथीची जुडी घेऊन आला.

तो धावायचा. हे तुमच्या कागदात यायला पाहिजे. पोलीस भरतीसाठी तो सहा वर्षं धावला, निफाडच्या थंडीत, पहाटे पाचला, मार्केटला जायच्या आधी. तीनदा भरतीला उतरला. ग्राउंडला एकदासुद्धा कमी पडला नाही, पन्नासात सत्तेचाळीस काढले होते त्याने. लेखीत दोनदा उडाला, आणि तिसऱ्यांदा प्रतीक्षा यादीत राहिला. मग वय निघून गेलं. यादी लागली की तो बोट फिरवून वरपासून खालपर्यंत नाव बघायचा, आणि पुन्हा एकदा खालून वर बघायचा. म्हणायचा, ताई, पोलिसांच्या कागदावर एकदा नाव लागलं पाहिजे बघ. भोये मॅडम इथे लिहायच्या थांबल्या. मी म्हटलं, थांबू नका, लिहा.

आज सकाळी साडेपाचला आम्ही स्टॉल उघडला. थंडी कडक होती. मैदानात सगळे धावणारे उड्या मारून अंग गरम करत होते आणि हा माझा भाऊ खोक्यांच्या थप्पीला टेकून त्यांच्या पायांकडे बघत होता. मला राहवले नाही. मी खोक्यातला बिब काढला आणि म्हटले, पळतोस का? पडूनच आहे.

तो म्हणाला, "नको गं ताई. दुसऱ्याचा नंबर हे तो."

मी म्हटले, मग काय झालं? तर म्हणाला, "भरतीत याला डमी म्हणत्यात. गुन्हा दाखल होतो. आपल्याला नाय जमायचं."

मी त्याला हसले. खूप हसले. म्हटले, ए शहाण्या, ही काय भरती आहे का? हौशी लोकांची पळापळ आहे ही. मेडल मिळतं, केळं मिळतं, पोहे मिळतात. इथं कोण तुझं वय विचारतंय? तरी तो नाय-नाय करत होता. मग मी रागावले. म्हटले, सहा वर्षं पळालास, एक दिवस तरी मजेत पळ. यादी नाही, वय नाही, कुणी घड्याळ घेऊन उभा नाही. माझ्यासाठी पळ. हे माझे शब्द आहेत. माझ्यासाठी पळ असे मी म्हटले.

मग तो हसला. स्टॉलवरचे नवे बूट घाल म्हटले, तर "नवा बूट पळायच्या दिवशी घालत नसत्यात, एवढं कळत नाय का तुला, बूट विकतीस ना?" असे म्हणून त्याने स्वतःचेच जुने बांधले. मोबाइल आणि पाकीट माझ्या पिशवीत ठेवले. "ग्राउंडला खिशात काय ठेवायचं नसतं," म्हणाला. त्याच्या अंगावर त्याच्या नावाचा एक चिटोरा राहिला नाही. बिबच्या चारही कोपऱ्यांच्या पिना मी माझ्या हाताने लावल्या. वरची डावी पिन त्याला टोचली. तो ओरडला आणि मी म्हटले, बायकांसारखा ओरडू नकोस. त्याचा फोटो काढून गावी शेजारच्या पोरीच्या फोनवर पाठवला. आईचा लगेच फोन आला. छातीवर नंबर बघून ती म्हणाली, "काय गं, घेतलं का त्याला पोलिसात?" आम्ही दोघेही हसलो. त्याने फोन घेऊन सांगितले, "नाय गं आई, ताईच्या नादाने पळतोय."

साडेसहाला शर्यत सुटली. जाताना त्याने मागे वळून हात केला. मी एका बाईंच्या पायाचे माप घेत होते, म्हणून मानेनेच हो म्हटले.

साडेसात-आठपासून दहा किलोमीटरवाले परत येऊ लागले. आमच्या धंद्याची हीच वेळ. धावून आलेला पाय सुजलेला असतो, अशा वेळी बूट मापला तर अर्धा नंबर मोठा जातो, हे मला माहीत आहे. पण माणूस खुशीत असतो, गळ्यात मेडल असते, घेऊन टाकतो. मी एकटी, समोर दहा-बारा माणसे. नवनाथ सव्वाआठपर्यंत यायला हवा होता. तो आला नाही म्हणून मला काळजी वाटली नाही, मॅडम. मला राग आला. म्हटले, पळून झाले असेल, बसला असेल कुठे गप्पा हाणत, आणि इथे माझी तारांबळ. मी त्याला फोन लावला. फोन टेबलाखाली माझ्याच पिशवीत वाजला. मग मी स्वतःवरच हसले.

सुमारे ०८.२० वाजता माइकवरून पुकारले की, बिब नंबर एकवीसशे सत्तावन्न, श्री. जयराम काठे यांच्यासोबत कोणी नातेवाईक असतील तर त्यांनी औषधोपचाराच्या तंबूकडे ताबडतोब यावे. असे तीन वेळा पुकारले. मी तिन्ही वेळा ऐकले. मी बहिरी नाही. नंबर सकाळी माझ्या हातातून गेला होता, पण दिवसभर माझ्या हातातून नंबरच जातात, बुटांचे, बिलांचे, बिबांचे. तो लक्षात राहिला नव्हता. मी नाव ऐकले. माणूस नावच ऐकतो. काठे ऐकले आणि मला बरे वाटले की आपले कोणी नाही. असेच वाटले होते, ते लिहून घ्या. मी गुडघ्यावर बसून एका गिऱ्हाइकाची नाडी बांधत होते, ती मी पूर्ण बांधली.

०८.४० च्या सुमारास ॲम्ब्युलन्स बाहेर निघाली. गेटात आमच्या कंपनीचा उभा फ्लेक्स आडवा येत होता. ड्रायव्हर हॉर्न मारत होता. मी धावत गेले, फ्लेक्स उचलला आणि अंगाशी धरून उभी राहिले. गाडी माझ्या हाताच्या अंतरावरून गेली. काचा दुधी होत्या, आत दिसले नाही. मी तिला हात जोडले, आपण रस्त्यात अशी गाडी दिसली की जोडतो तसे. शेजारच्या चहावाल्या भिमाबाई म्हणाल्या, कुणाचं लेकरू असेल गं. मी म्हटले, जयराम म्हणे कुणी. आणि परत येऊन फ्लेक्स जागेवर ठेवला. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात मी बुटाचे चार जोड विकले.

०९.२० वाजता कालचे ते उंच गृहस्थ मोटरसायकलवर आले. लंगडत माझ्यासमोर आले. अंगावर घरातले कपडे, पायात चप्पल. ते म्हणाले, "ताई, माझा नंबर कुणाला दिला तुम्ही?" त्यांनी सांगितले की बिबच्या मागे घरचा म्हणून लिहिलेल्या त्यांच्या मिसेसच्या नंबरवर तंबूतून फोन आला, तुमचे मिस्टर बेशुद्ध आहेत, लगेच या. ते स्वतः तेव्हा समोर बसून चहा पीत होते. बाईंना वाटले फसवणुकीचा फोन, आजकाल असेच येतात, म्हणून त्यांनी चार शब्द सुनावून फोन बंद करून टाकला. नऊ वाजता त्यांनी मिस्टरांना सहज हसत सांगितले, तेव्हा काठेसाहेबांच्या डोक्यात उजेड पडला आणि ते उठले तसेच निघाले. त्यांच्या मिसेसना दोष देऊ नये अशी माझी विनंती आहे. मी असते तर मीही तेच केले असते.

काठेसाहेबांनी परत विचारले. मी त्यांना म्हटले, थांबा हं, एवढे खोके आत ठेवते. आणि खोके आत ठेवले. मग भिमाबाईंनी मला दंडाला धरून काठेसाहेबांच्या गाडीवर मागे बसवले. ज्यांचा नंबर, त्यांच्याच गाडीवर बसून मी दवाखान्यात गेले.

०९.५० वाजता दवाखान्यात पोहोचले. तिथे सांगितले की, इसमास ०९.१५ वाजता मृत घोषित केले आहे, हृदय बंद पडले. कागदावर जयराम पुंडलिक काठे, वय ४८. चादर बाजूला केली. तो माझा भाऊ नवनाथ होता. बिब छातीवरच होता. पिना मी लावल्या होत्या तशाच. तीन. चौथी, त्याला टोचलेली, निघाली होती. मी त्याला म्हटले, ऊठ, आई वाट बघतेय. अजून काही बोलले असेन, मला आठवत नाही.

तंबूतल्या नर्स सृष्टी या ॲम्ब्युलन्ससोबत दवाखान्यात आल्या होत्या. त्यांच्याकडून मला समजले ते असे. विसाव्या किलोमीटरच्या पुढे, मैदान दिसायला लागते त्या वळणावर, तो बसला आणि आडवा झाला. तंबूत आणला तेव्हा थोडा शुद्धीवर होता. त्या बिचाऱ्या त्याच्या गालावर हलके मारून मोठ्याने हाक मारत होत्या, जयरामदादा, जयरामदादा, डोळे उघडा, इकडे बघा. तो मान हलवून नाय, नाय म्हणत होता. त्यांना वाटले, सुई नको म्हणतोय. त्या मला रडत म्हणाल्या, आम्ही सगळं केलं हो ताई. त्यांनी सगळे केले. माझी त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. पण त्याला नवनाथ म्हणून एकाने जरी हाक मारली असती तर त्याने ओ दिली असती. वाचला असता असे मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणत नाहीत. ओ दिली असती, एवढेच. आणि हाक मारणारी दोनशे पावलांवर बूट विकत बसली होती.

सकाळी ११.३० च्या सुमारास कंपनीचे एरिया ऑफिसर श्री. योगेश साळवी यांचा पुण्याहून फोन आला. त्यांनी मला सांगितले की, ताई, जबाबात एवढंच म्हणा की खोकं उघडं होतं, तुम्ही गिऱ्हाइकात होता, भावाने परस्पर नंबर उचलून लावला. तुम्ही सुटाल, कंपनीही सुटेल. गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो?

मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. थोडक्यात सांगते. ज्याने मार्केटात आयुष्यभर दुसऱ्याच्या कांद्याचे वजन केले आणि काटा एक ग्रॅम हलू दिला नाही, त्याला मेल्यावर मी चोर करू? तो नको म्हणत होता. डमी म्हणतात हे त्याला माहीत होते, मला नव्हते. मी हसले त्याला. ताकाला जाऊन भांडं काय लपवायचं? नंबर मी दिला. पिना मी लावल्या. माझ्यावर जो गुन्हा बसत असेल तो बसवा, कंपनी काढत असेल तर काढू दे. त्याने नंबर उचलला, चोरला, दुसऱ्याच्या नावावर धावला, असे एकही वाक्य कोणत्याही कागदावर येऊ देऊ नका, एवढ्यासाठी मी हा जबाब देत आहे.

त्याचा देह ज्या कागदावर आमच्या ताब्यात मिळणार आहे, त्यावर अजून दुसऱ्याचेच नाव आहे. ते दुरुस्त व्हायला माझा हा जबाब लागतो असे मला सांगण्यात आले. श्री. काठे बाहेर बाकावर आधार कार्ड घेऊन बसले आहेत, आपण जिवंत आहोत हे लिहून द्यायला. त्यांनी सकाळच्या त्या चहानंतर काही खाल्लेले नाही. त्यांचाही जबाब लवकर घ्यावा.

आई गावाहून जीपने निघाली आहे. तिला पाय मुरगळला एवढेच सांगितले आहे. निफाड ओलांडल्यावर तिचा फोन आला होता. म्हणाली, "उज्वले, फार लागलं का गं? हळद घेऊन येती हे मी." ती यायच्या आत कागद नीट व्हावा. तिला वाचता येत नाही, पण ती नाव विचारील. लेकाचं नाव बरोबर लिहिलंय ना, असे ती प्रत्येक कागदाला विचारते. भरतीच्या फॉर्मलाही विचारायची.

भोये मॅडमनी हा जबाब मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. दवाखान्याचा कागद समोर ठेवून लिहिताना भावाच्या जागी तीन ठिकाणी जयराम काठे असे पडले होते, ते माझ्या कानाला लागले. मॅडमनी ते खोडून तिन्ही ठिकाणी नवनाथ सावळीराम रायते असे लिहिले व प्रत्येक खाडाखोडीशेजारी मी सही केली. पूर्ण नाव पुन्हा एकदा वाचावे अशी मी विनंती केली. मॅडमनी उभे राहून वाचले. पोलिसांच्या कागदावर त्याचे नाव लागले आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच असून खरा आहे.

सही
उज्वला सोमनाथ थेटे
(मयत नवनाथ सावळीराम रायते याची बहीण)